पॅनेल भिंतीवर, ज्ञान कुलुपात

आमच्या महाविद्यालयांनी तंत्रज्ञान विकत घेतलं आणि शिकवणं होतं तिथेच ठेवलं. बहिःस्थ परीक्षक म्हणून ज्या ज्या महाविद्यालयात जातो, तिथे हेच पाहतो. वर्गाच्या भिंतीवर लाखभराचं इंटरॲक्टिव्ह पॅनेल असतं. त्याच्या कडेचं प्लास्टिक अजून निघालेलं नसतं आणि रिमोट कार्यालयातल्या कपाटात बंद असतो. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती यायच्या आठवड्यात ते पुसलं जातं, समोर मुलं बसवली जातात, जिओटॅगचे फोटो निघतात आणि अहवालाला जोडले जातात. समितीची गाडी फाटकाबाहेर पडली की पॅनेलवर पुन्हा कापड पडतं. ही विद्यार्थ्यांची आणि करदात्यांची फसवणूक आहे, आणि ती आपण प्राध्यापक उघड्या डोळ्यांनी होऊ देतो.

पॅनेल का घेतलं जातं, हे न कळण्याइतकं कुणी भोळं नाही. त्याला निविदा असते, पुरवठादार असतो, बिल असतं, उद्घाटनाची फीत असते. खुल्या, म्हणजे कुणालाही मोफत वापरता येणाऱ्या, शैक्षणिक साधनांना यातलं काहीच नसतं. ती विकायला कुणी येत नाही, म्हणून खरेदी समितीत त्यांचं नाव निघत नाही.

अशी साधनं कमी नाहीत. आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने २००३ मध्ये एनपीटीईएल सुरू केलं. त्यातली व्याख्यानं आज कुणालाही फुकट बघता येतात. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरिअलमध्ये सी, लिनक्स, लिबरऑफिस यांचे छोटे छोटे पाठ चक्क मराठीत आहेत, आणि ते उतरवून घेऊन इंटरनेट नसलेल्या संगणकावरही चालतात. एआयसीटीईच्या ई-कुंभ संकेतस्थळावर अभियांत्रिकीची पुस्तकं मराठीत मोफत आहेत. मराठी विश्वकोश घरबसल्या वाचता येतो. स्टाफरूममध्ये विचारून बघा, यातलं किती जणांनी उघडलंय. उलट इंटरनेटवरून उचललेली, कुणाचा तरी लोगो खरवडून काढलेली पीपीटी पडद्यावर लावायची आणि मुलांकडे पाठ करून वाचून दाखवायची, याला आपल्याकडे आयसीटीचा वापर म्हणतात. खडू-फळ्यावर नीट शिकवणारा म्हातारा मास्तर यापेक्षा हजारपटीने बरा.

तंत्रज्ञान वर्गात खरं कशाला लागतं, ते सांगतो. मध्य, मध्यक आणि बहुलक हा संख्याशास्त्राचा प्रथम वर्षाचा धडा. पुस्तकात वर्षानुवर्षं तीच उदाहरणं: दहा विद्यार्थ्यांचे गुण, पाच कामगारांची मजुरी. मी लासलगावचे कांद्याचे दर घेतो. पणन मंडळाच्या संकेतस्थळावर आणि केंद्राच्या ॲगमार्कनेटवर ते कुणालाही मिळतात: आवक क्विंटलमध्ये, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. मुलं मोबाईलवर महिन्याभराचे आकडे उतरवतात आणि तक्त्यात भरतात. मग मी विचारतो, किमान आणि कमाल यांची बेरीज करून निम्मी केली की सर्वसाधारण दर यायला हवा ना? मुलं करून बघतात. बहुतेक दिवशी येत नाही. का येत नाही, यावर वर्ग पेटतो. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारा एक मुलगा उठून सांगतो की सर, एखाद्या ट्रॉलीला चढा भाव मिळतो तो बातमीत येतो, बाकीच्यांचा माल त्याच्या कितीतरी खाली जातो, माझे वडील परवा त्यातच होते. कमाल दर कुणाचा आणि बहुलक, म्हणजे सर्वसाधारण दर, कुणाचा, हे त्या वर्गाला पुन्हा समजवावं लागत नाही. यात महाविद्यालयाचा एक रुपयाही खर्च झालेला नाही. लागले ते सरकारचे खुले आकडे, एक मोफत सॉफ्टवेअर आणि आदल्या रात्री तास-दीड तास बसून केलेली तयारी.

आणि तयारीचीच तर आपल्याकडे कुणाला किंमत नाही. ज्या तरुणांच्या जिवावर निम्मी महाविद्यालयं चालतात, ते तासिका तत्त्वावर आहेत. त्यांना वर्गात उभं राहिल्याचे पैसे मिळतात, तेही महिनोन् महिने उशिरा. आदल्या रात्रीच्या तासांना मोल नाही. अशा माणसाकडून ‘दर्जेदार ई-साहित्य’ मागायला जीभ कशी रेटते? कायम प्राध्यापकांची गोष्ट वेगळी. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत चार क्रेडिटचा संपूर्ण ‘मूक’ (MOOC, म्हणजे सर्वांसाठी खुला ऑनलाइन) अभ्यासक्रम तयार केला की २० गुण मिळतात. तो किती मुलांनी वापरला, दुसऱ्या महाविद्यालयातल्या कुणाला उपयोगी पडला का, हा प्रश्न त्या तक्त्यात नाही. गुण पदरात पडले की साहित्य हार्डडिस्कमध्ये पडून राहतं.

याहून घातक चाल संस्थाचालकांची आहे. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनी सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरून घेण्याची मुभा दिली. मुभा चांगली आहे, पण तिचा उपयोग रिकाम्या जागा झाकायला होणार असेल तर मी तिच्या विरोधात उभा राहीन. इंग्रजी व्याख्यानाचा दुवा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं म्हणजे शिकवणं नव्हे. खेड्यातून एसटीने येणाऱ्या मुलीला ते व्याख्यान थांबवून मराठीत उलगडून सांगणारा माणूस समोर लागतो. खुली साधनं त्या माणसाच्या हातात द्यायची असतात, त्याच्या जागी बसवायची नसतात.

सरकारने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’साठी तीन वर्षांचे ६,००० कोटी रुपये मंजूर केले. मोठ्या प्रकाशकांच्या संशोधनपत्रिका वाचायला मिळाव्यात म्हणून हा खर्च. संशोधकांना त्या हव्यात, मान्य. पण मुदत संपली की दार पुन्हा बंद होणार. दुसरीकडे बी.ए., बी.कॉम.च्या मुलाला मराठीत धड एक क्रमिक पुस्तक मिळत नाही, तो ‘गाईड’वर पास होतो. एकदा लिहून कायमची खुली राहतील अशा पुस्तकांसाठी त्या निधीतला एक छोटा हिस्सासुद्धा कुणी का मागत नाही?

सगळा दोष सरकारवर ढकलून मात्र सुटका नाही. आपल्या नोट्स आपणच कुलुपात ठेवल्या आहेत. भारतीय कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं प्रताधिकार राहतो, आणि तो काही न करता आपोआप लागू होतो. म्हणजे तुम्ही ग्रुपवर टाकलेली पीडीएफ दुसऱ्या गावचा प्राध्यापक सुधारून, स्वतःची उदाहरणं घालून पुन्हा वाटू शकत नाही, तुमची हरकत नसली तरी. पहिल्या पानावर ‘क्रिएटिव्ह कॉमन्स, श्रेय देऊन वापरा’ एवढी एक ओळ लिहिली की हे कुलूप निघतं. त्यासाठी ना समितीची परवानगी लागते ना निधी. ‘माझ्या नोट्स दुसरा कुणी छापेल’ ही भीती मला वारंवार ऐकवली जाते. छापू द्या. पगार जनतेच्या पैशातून घेतला असेल, तर त्यातून झालेलं काम जनतेकडे गेलंच पाहिजे.

प्राध्यापक मित्रांनो, या सत्रात तुमच्या विषयाचं एक प्रकरण मराठीत नीट लिहा, ती एक ओळ घाला आणि शेजारच्या महाविद्यालयाला पाठवा. प्राचार्यांनो, पुढच्या पॅनेलची निविदा थांबवा आणि तो पैसा अशी प्रकरणं लिहिणाऱ्या तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना मानधन म्हणून द्या.