सार्वजनिक जागा, मोबाईलचा कॅमेरा आणि आपण

दरवर्षी ६ डिसेंबर जवळ आला की मोबाईलवर दोन तऱ्हेचे व्हिडिओ फिरू लागतात. एकात शिवाजी पार्कवरचे पुस्तकांचे स्टॉल आणि चैत्यभूमीकडे सरकणारी शिस्तबद्ध रांग असते. दुसऱ्यात दादर स्टेशनची गर्दी, फुटपाथवर झोपलेली माणसे आणि कोपऱ्यात पडलेल्या पत्रावळ्या. जागा एक, दिवस एक, माणसेही तीच. मग हे शूट करणाऱ्यांना नेमके काय हवे असते?

पहिला हेतू सरळ पैशाचा आहे. यूट्यूबवर जाहिरातीचे उत्पन्न सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर लागतात आणि त्यासोबत वर्षभरात ४,००० तासांचे व्ह्यूज, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज. हा आकडा गाठायचा तर लोकांनी थांबून पाहायला हवे, भांडायला हवे. रांगेत शांत उभ्या असलेल्या माणसापेक्षा कचऱ्याच्या ढिगावर कमेंट जास्त येतात, हे व्हिडिओ टाकणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

दुसरा हेतू तिरस्काराचा. लाखो माणसे जमली की कचरा होतो, मग जत्रा असो वा मिरवणूक. जुलै २०२४ मध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या विजययात्रेनंतर मरीन ड्राइव्हवर चपलांचा खच पडला होता. त्यावरून कुणी एखाद्या समाजाची लायकी काढली नाही. चैत्यभूमीच्या गर्दीवर मात्र 'फुकटे', 'घाण' असे शिक्के मारले जातात. अशा व्हिडिओत कचरा हे निमित्त असते, रोख माणसांवर असतो.

तिसरा हेतू साक्षीचा, आणि इथे गुंता वाढतो. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातमधील उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना भररस्त्यात मारहाण झाली. त्याचा व्हिडिओ हल्लेखोरांच्याच बाजूने काढला आणि फिरवला गेला. त्यांना दहशत बसवायची होती. पण तोच व्हिडिओ देशभर पुरावा ठरला आणि लोक रस्त्यावर उतरले. म्हणजे कॅमेरा आपोआप वाईट ठरत नाही. आपल्यावर अन्याय होत असताना तो सुरू ठेवणारा हात आपल्याला हवाच आहे.

चौथा हेतू आपल्याच मुलांचा आहे. मागे एका वर्षी अन्नदानाच्या स्टॉलवर स्वयंसेवक म्हणून काम करत असताना एक तरुण दिसला. मराठवाड्यातून आलेली एक आजी जेवत होती आणि हा तिच्या तोंडासमोर मोबाईल धरून उभा. मी म्हटले, "दादा, आजींना विचारलंस का?" तो म्हणाला, "ताई, पब्लिक प्लेस आहे. आणि मी पण जय भीमवालाच आहे की." तोवर आजीने पदर तोंडावर ओढून घेतला होता. त्याचे लक्ष स्क्रीनकडे होते, त्याला ते दिसलेच नाही.

त्याला आपल्या माणसांची निष्ठा जगाला दाखवायची होती. हेतू चांगला होता. तरीही जेवता जेवता तोंड लपवायची वेळ त्या आजीवर आली.

'पब्लिक प्लेस' हा शब्द आपल्याला फुकट मिळालेला नाही. १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे कागदावर खुले झाले, तरी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यायला १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला. तो लढा माणूस म्हणून सन्मानाने वावरण्याचा होता. माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याची खासगीपणा संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात म्हटले आहे.

बुद्धांनी कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत, पाहिले. पण धम्मात सम्यक स्मृती आणि सम्यक आजीविकाही आहे. समोरच्याच्या चेहऱ्याकडे लक्ष हवे आणि आपल्या कमाईतून कुणाचा अपमान होतो का, याचाही हिशेब हवा.

म्हणून येत्या ६ डिसेंबरसाठी काही गोष्टी आपल्यात ठरवून घेऊ. जवळून चेहरा घेण्याआधी विचारायचे. झोपलेल्या, जेवणाऱ्या, आजारी माणसांना आणि लहान मुलांना सोडून द्यायचे. गर्दी दाखवायची तर लांबून दाखवायची. पुस्तके विकणारे, विकत घेणारे, रात्रभर राबणारे सफाई कामगार यांना त्यांच्या परवानगीने बोलते करायचे. बाबासाहेबांनी १९२० मध्ये 'मूकनायक' काढला तो ज्यांना आवाज नव्हता त्यांच्यासाठी. आपल्या चॅनेलवर ती माणसे नुसती दिसून भागणार नाही, बोलली पाहिजेत.

आणि कुणी बदनामीचा व्हिडिओ टाकलाच तर रागाच्या भरात तो शेअर करू नका. त्याने त्याचेच व्ह्यूज वाढतात. लिंक, स्क्रीनशॉट, तारीख आणि वेळ जपून ठेवा. अनुसूचित जातीच्या लोकांविरुद्ध द्वेष पसरवणे किंवा त्यांना पूजनीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा अनादर करणे, हा त्या समाजाबाहेरच्या माणसाने केल्यास अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३ खाली गुन्हा आहे. कमेंटमध्ये शिव्या देण्यात रात्र घालवण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी चार जणांनी मिळून पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घेऊनच बाहेर पडावे.