भाऊ कोण, शेजारी कोण?

'साबण' आणि 'चावी' हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आले. तेवढ्यावरून मराठी पोर्तुगीजमधून निघाली असे कोणी म्हणत नाही. ती शेजाऱ्याची उसनवारी. आता हिंदी बघा. आपले वीस, तिकडे बीस, वाघ-बाघ, वीज-बिजली. आपल्या 'व'च्या जागी तिकडे पुन्हा पुन्हा 'ब' येतो. असा नेम दिसला की रक्ताचे नाते समजावे.

हीच कसोटी इंडोनेशियातल्या आलोर आणि पांतार या बेटांवर लावली गेली. तिमोरच्या उत्तरेला असलेल्या या बेटांवर वीसेक भाषा आहेत. त्यांना 'पापुआ भाषा' म्हणतात, पण हे कुळाचे नाव नव्हे. न्यू गिनी आणि आसपासच्या ज्या भाषा मलायच्या ऑस्ट्रोनेशियन कुळात बसत नाहीत, त्या बहुतेकांवर बाहेरच्यांनी मारलेला हा शिक्का. 'हे अमक्यांतले नाहीत' एवढेच तो सांगतो; मग हे कोणाचे कोण?

शब्द शेजारी मांडून पाहू. डुकराला पांतारवरच्या काएरा भाषेत 'बेई', आलोरवरच्या अबुईत 'फे', तिथल्याच कामांगमध्ये 'पे'. माशाला अनुक्रमे 'आब', 'आफू', 'आपी'. ब, फ, प हा क्रम दोन्हीकडे तोच! दोन शब्दांवर कोणी निकाल देत नाही. असे शब्द ढिगाने जुळावे लागतात. ते जुळले. २०१२ मध्ये अभ्यासकांनी या भाषांचे एकच कुळ दाखवले आणि पुढे तिमोरकडच्या बुनाक, माकासाए, माकालेरो, फातालुकू व किसार बेटावरच्या ओइराताशीही त्याचे नाते जुळवले.

नुसत्या आवाजावर जाणारा मात्र फसतो. कामांगचा 'आपी' मासा, मलायचा 'आपी' आग!

पुढचे नाते अवघड. पूर्वी या कुळाला न्यू गिनीच्या एका अवाढव्य कुळात घातले होते, पण २०१४ च्या तपासणीत पुरावा तोकडा पडला. २०२२ मध्ये टिमोथी अशर आणि अँटोइनेट शापर यांनी न्यू गिनीच्या बोम्बेराई द्वीपकल्पातल्या भाषांशी नाते मांडले.

इकडे शाळेत इंडोनेशियन, बाजारात मलाय. अनेक घरांतली मुलेही तीच बोलू लागली आहेत. माशाला सगळेच मलायसारखे 'इकान' म्हणू लागले, तर 'आब' आणि 'आफू' शेजारी मांडायला सांगणारे उरणार नाही. म्हणून अभ्यासक म्हाताऱ्या माणसांकडून हातापायांची, नाकाकानांची नावे आधी लिहून घेतात. असे शब्द सहसा कोणी उसने घेत नाही.