समुपदेशकाचं चारित्र्य कोण तपासणार?

"नवऱ्याले येळेवर जेवाले देतेस का, हेच मॅडमनं पयले इचारलं." मोहाडी तालुक्यातली विड्या वळणारी एक बाई मला सांगत होती. डावा हात प्लास्टरमध्ये. मॅडमजवळ मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी आहे, समुपदेशनाचा डिप्लोमा आहे. त्या दुष्ट नाहीत. लग्न टिकलंच पाहिजे हे त्या घरी शिकल्या आणि पदवी हातात पडेपर्यंत कुठल्याच वर्गात कुणी त्यांना त्याबद्दल छेडलं नाही.

माझा राग या प्रशिक्षणावर आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली २००६ साली नियम झाले. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने होणाऱ्या समुपदेशनात नवऱ्याला मारहाणीचं समर्थन करू द्यायचं नाही, हिंसा पुन्हा होणार नाही याची हमी घ्यायची, असं त्यांत स्पष्ट लिहिलं आहे. नियम पाठ करता येतो. पण मॅडमच्याच मनात मारहाणीचं समर्थन बसलेलं असेल तर तो नियम कुणाला लावायचा?

मीही एम.एस.डब्ल्यू. केलं आहे. सच्चेपणा, विनाअट स्वीकार, समानुभूती : माणूस बदलायला या अटी लागतात आणि तेवढ्या पुरतात, असं कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये मांडलं. आम्ही ती पाच मार्कांची टीप म्हणून लिहिली. पण नवरा सोडून दुसऱ्याबरोबर राहणारी बाई समोर बसली की माझी नजर का बदलते, किंवा बाईचं आडनाव ऐकल्यावर माझा आवाज का बदलतो, हे दोन वर्षांत कुणी विचारलं नाही. क्षेत्रकार्याच्या मासिक अहवालात ‘समझोता’ असा रकाना होता. बाई सासरी परत जायला तयार झाली की मला हायसं वाटायचं, कारण रकाना भरायचा. हे लिहिताना आजही लाज वाटते.

याच मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला सुरेखा भोतमांगे, प्रियंका, रोशन आणि सुधीर यांची हत्या झाली. त्यानंतर चर्चा कशाची झाली? सुरेखाबाईंच्या ‘अनैतिक संबंधां’ची. मेलेल्या दलित बाईचंही चारित्र्य चघळलं गेलं, आणि चघळणारे अडाणी नव्हते. समुपदेशक होणाऱ्या मुली-मुलं याच समाजातून, हेच ऐकत वर्गात येतात.

‘स्वभाव थोडाच शिकवता येतो?’ असं प्राध्यापक मंडळी म्हणतात. वा! पोरींना पाचव्या वर्षापासून सोसायचा स्वभाव शिकवता येतो, मग समुपदेशकाला ऐकून घ्यायचा का नाही? मनोविश्लेषणाच्या परंपरेत १९२० च्या दशकापासून शिकाऊ विश्लेषकाला आधी स्वतःचं विश्लेषण करून घ्यावं लागतं. फ्रॉइडची बायकांबद्दलची मतं आपल्याला ठाऊक आहेत, आणि ते प्रकरण महागडंही आहे. पण दुसऱ्याच्या मनात शिरण्याआधी स्वतःच्या मनाची झडती द्यायची, एवढं तरी त्यांच्याकडून घ्यावं. नाहीतर ‘चारित्र्य घडवणं’ म्हणजे गोड आवाज, साधी साडी आणि संस्कारावरचं व्याख्यान, असा अर्थ लावायला संस्था टपलेल्याच आहेत. तो नको.

आणि मैत्रिणींनो, आपणही सुटलेलो नाही. ‘आपण बाया, आपल्याला बाईचं दुःख कळतंच’ या भरवशावर आपण किती जणींना तोंड उघडण्याआधीच गप्प केलं आहे! साकोलीहून, पवनीहून आलेली बाई दिवसाची मजुरी बुडवून येते. तिला आपलं भाषण ऐकायचं नसतं.

म्हणून मागणी करू या. प्रत्येक प्रशिक्षणात जात, लग्न, एकटं राहणं, गर्भपात यांबद्दलची स्वतःची मतं गटासमोर मांडायची आणि त्यावर प्रश्न झेलायचे. नोकरी लागल्यावरही महिन्यातून एकदा अनुभवी व्यक्तीसमोर आपलं काम ठेवायचं, आपला कुठं तोल गेला ते सांगायचं. निवड समितीवर अशा केंद्रातून गेलेली एक तरी बाई हवी. ती दोन प्रश्नांत ओळखेल.

आणि तो समझोत्याचा रकाना काढून टाका. विड्या वळणारी ती बाई मॅडमच्या अहवालात त्याच रकान्यात आहे. प्रत्यक्षात ती माहेरी आहे आणि एका हाताने विड्या वळता येत नाहीत.