प्लंबर जंगलात गेला आहे

नोव्हेंबरचा तिसरा आठवडा सरत आला की विस्कॉन्सिनमध्ये प्लंबर मिळत नाही. सुतार मिळत नाही, गॅरेजवाला फोन उचलत नाही. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीने हरीण मारण्याचा हंगाम उघडतो आणि थँक्सगिव्हिंगनंतरच्या रविवारी मिटतो. नऊ दिवस. साठ लाखांच्या आसपास वस्तीच्या या राज्यात साडेपाच लाखांच्या घरात माणसं त्यासाठी परवाना काढतात. पाळण्यातली बाळं धरून दहात जवळजवळ एक. शुक्रवार दुपारपासून मॅडिसनहून उत्तरेला जाणारे रस्ते पिकअप ट्रकांनी भरून जातात. मुंबईतल्या चाकरमान्याला गणपतीत रजा नाकारून बघावी, तशीच गत इथल्या साहेबाची. ही रजा मागत नाहीत, कळवतात.

आमचा शेजारीच प्लंबर. वय साठीच्या पुढे. त्याच्या घरचा कॅम्प आजोबांच्या वेळेपासून चालत आलेला. तंबू लावायची जागा ठरलेली, पत्त्यांचा डाव ठरलेला, दर वर्षी सांगायच्या गोष्टीही ठरलेल्या. दोन वर्षं तो मला ‘चल’ म्हणत होता. शेवटी ‘बंदूक धरणार नाही, नुसता बसेन’ या बोलीवर मी निघालो. आईला फोनवर सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, “हरणाची शिकार? अरे, तुरुंगात घालतील ना!”

तिचं काही चुकलं नाही. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, तेव्हापासून आपल्याकडे शिकार म्हणजे एक तर संस्थानिकांच्या दिवाणखान्यातली धुळकट मुंडकी, नाही तर नटाचं काळवीट प्रकरण. सोलापूर, नगरकडच्या शेतकऱ्याला काळविटांनी खाल्लेल्या पिकाबद्दल विचारलं तर तो वेगळं बोलेल, पण त्याला विचारतो कोण! इथे हरीण मारणं कायद्यात बसतंच, पण कायदा इतका बारकाईने बसवलेला आहे की आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला हेवा वाटावा. सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर वीस मिनिटांपर्यंतच गोळी झाडता येते. १ जानेवारी १९७३ला किंवा नंतर जन्मलेल्याला शिकारीचं सुरक्षा प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. कमरेच्या वरचे निदान निम्मे कपडे झगझगीत नारिंगी हवेत. हरणाला तांबडा-नारिंगी रंग आपल्यासारखा दिसत नाही, माणसाला तो मैलावरून दिसतो. म्हणून हा रंग. २०१६पासून झगझगीत गुलाबीही चालतो. बायका शिकारीकडे वळाव्यात म्हणून आमदारांनी काढलेली ही युक्ती. शिकार करणाऱ्या कितीतरी बायकांनीच तिची टर उडवली.

नारिंगी जाकीट अर्थात मलाही चढवावं लागलं. वाटेत पेट्रोल पंपावर कॉफीसाठी थांबलो, तर शेजारच्या गाडीत एक ह्मोंग कुटुंब होतं: आजोबा, मुलगा, नातू, तिघेही नारिंगी. व्हिएतनाम युद्धानंतर लाओसमधून निर्वासित म्हणून आलेली ही माणसं डोंगरातली, शिकारीत मुरलेली. त्यांना बघून मला जरा हायसं वाटलं, हे लपवत नाही. उत्तरेकडच्या रानात बंदूकवाल्यांच्या मेळ्यात शिरणारा एकटा सावळा माणूस मीच असेन, अशी धास्ती होती.

आमचा तळ शवामेगन-निकोले राष्ट्रीय अरण्यात. बहुतेकांचे कॅम्प म्हणजे खरं तर लाकडी झोपड्या असतात; यांचा मात्र जाड कॅनव्हासचा, सरळ भिंतींचा तंबू, आत पत्र्याची चूल आणि छतातून बाहेर काढलेलं धुरांडं. रात्री पारा उणे बारावर गेला. या थंडीत राहण्याचं शास्त्र मला तिथे फुकटात मिळालं, त्यातलं बरंचसं आपल्या सवयींच्या उलटं होतं.

पहिलं म्हणजे सुती काहीही अंगाला लावायचं नाही. बनियन नाही, मोजे नाहीत. सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं, आणि ओलं कापड अंगातली ऊब भराभर काढून घेतं. लोकर ओली झाली तरी बरीचशी उबदार राहते. दुसरं, थंडी वरून येते हा गैरसमज. झोपलेल्या माणसाला ती जमिनीतून गाठते. पाठीखालचा स्लीपिंग बॅगचा भाग वजनाने दबला की त्यातली हवा निघून जाते, आणि मग तो असून नसल्यासारखा. म्हणून पांघरुणावर पैसे घालण्याआधी अंथरुणावर घालावेत. शेजाऱ्याने माझ्या पाठीखाली दोन गाद्या घातल्या, एक फोमची आणि एक हवेची. वर माझी आलिशान बॅग बघून तो नुसता हसला.

पाण्याची बाटली उलटी ठेवायची, कारण बर्फ वरून धरतो. सकाळी सरळ केली की तोंड मोकळं मिळतं. उकळतं पाणी भरलेली दुसरी बाटली मोज्यात घालून पायाशी घ्यायची. बुटांचे आतले अस्तर, फोन आणि टॉर्चचे सेल बॅगेतच घेऊन झोपायचं. लहान स्टोव्हच्या डब्यात नुसता ब्युटेन असेल तर तो शून्याच्या जरा खालीच वायू व्हायचा थांबतो, आणि स्टोव्ह नावापुरता उरतो. इथे प्रोपेन लागतो, तो उणे चाळिसाच्या आसपासपर्यंत वायू होत राहतो. निजताना लघवीला जाऊन यायचंच, आळस करायचा नाही. आणि झोपण्याआधी काहीतरी तुपकट खायचं, म्हणजे पोटातली भट्टी रात्रभर धुमसत राहते. ते लोक त्यासाठी चीज आणि सॉसेज खातात. मी घरून बेसनाचे लाडू नेले होते. दुसऱ्या रात्रीपासून चीजला गिऱ्हाईक उरलं नाही.

गमतीच्या पलीकडच्या दोन गोष्टी. तंबूच्या खांबाला सेलवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा टांगलेला होता. त्या वायूला ना वास ना रंग, आणि उबेसाठी तंबूच्या फटी बुजवणारे झोपेतच जातात. दुसरी, कुडकुडणं. कुडकुडणारा माणूस अजून ठीक असतो. कुडकुडणं थांबलं, जीभ जड झाली, हातातली वस्तू सुटायला लागली, की पत्ते खाली टाकायचे आणि त्याला शेकायला घ्यायचं. शेवटच्या टप्प्यात माणसाला उकडल्यासारखं वाटून तो कपडे उतरवायला लागतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. कॅम्पवरच्या एका म्हाताऱ्याने ते एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या विषयावर तो अधिक बोलला नाही.

शनिवारी पहाटे अंधारातच निघालो. झाडाला बांधलेल्या दोघांच्या मचाणावर चढून सुरक्षेचा पट्टा आधी अडकवायचा. या हंगामात गोळीपेक्षा मचाणावरून पडण्याची भीती मोठी. मग बसायचं. शिकारीतला बहुतेक वेळ हा असा नुसत्या बसण्याचा असतो, हे शिकारकथा सांगत नाहीत, कारण त्यात सांगण्यासारखं काही नसतं. उजाडायच्या आधी लांबून पहिला बार ऐकू आला, मग दुसरीकडून एक, मग चहूकडून. नोव्हेंबर हा या पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा माजाचा काळ. एरवी सावध असलेला नर मादीच्या वासावर दिवसाउजेडी भटकतो. आमच्यासमोरून असा एक कोवळ्या शिंगांचा नर गेला. शेजाऱ्याने बंदूक उचललीदेखील नाही. तासाभराने एक मादी आली, आणि तिच्यावर उचलली.

आवाजाने मी हललो, एवढंच आठवतं. नंतर तो अर्धा तास जागचा उठला नाही. लगेच मागे लागलं तर जखमी जनावर जीव घेऊन लांब पळतं. सोडलं तर जवळच पडतं. ती ऐंशी पावलांवर पडली होती, बर्फावर माग स्पष्ट होता. पोट फाडून आतडी काढायचं काम तिथल्या तिथे, मांस लवकर निवावं म्हणून. वाफ आली, वास आला. मला मळमळलं, पण मटणाच्या दुकानासमोर रविवारी रांगेत उभा राहणारा मी, तोंड फिरवायला लाज वाटली. शेजाऱ्याने हातमोजे काढून क्षणभर तिच्या मानेवर हात ठेवला. मग दोरी बांधून ओढायला लागलो. बर्फातून हरीण ओढताना आपण अंगावर किती जास्त कपडे चढवलेत ते कळतं.

नर सोडून मादी का? यामागे जुनं भांडण आहे. एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी अशी बेसुमार शिकार झाली की अख्ख्या देशात ही हरणं काही लाखांवर आली. मग कायदे आले, मादी मारायला बंदी आली, लांडगेही मारून संपवले, आणि हरणं इतकी वाढली की जंगलात नवं रोप टिकेना, हिवाळ्यात ती उपाशी मरू लागली. मॅडिसनच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या आल्डो लिओपोल्डने, जो स्वतः शिकारी होता, माद्याही मारा असं सांगितलं. १९४३ साली तसा हंगाम झाला आणि लोकांनी त्याला शिव्यांची लाखोली वाहिली. आज त्याचं नाव इथे आदराने घेतात. माद्या मारायला मात्र अजून कुरकुरतात. आता तर लांडगे परतलेत, त्यामुळे हरीण न दिसण्याचं खापर फोडायला हक्काचं डोकं मिळालं आहे.

हरणाची नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत करावी लागते, आता ती फोनवरूनच होते. मग तपासणीसाठी डोकं कापून सरकारी पेटीत ठेवायचं. २००२मध्ये या राज्यात हरणांचा एक मेंदूरोग पहिल्यांदा सापडला. तो विषाणूंचा नाही, बिघडलेल्या प्रथिनांचा. शिजवून जात नाही, मातीत वर्षानुवर्षं टिकतो. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण रोगी हरणाचं मांस खाऊ नये असं आरोग्य खातं सांगतं. तपासणी फुकट असते. तरी कॅम्पवरचा म्हातारा ती करत नाही, “इतकी वर्षं खाल्लं, काय झालं?” हे त्याचं शास्त्र. शेजाऱ्याचा नियम असा की निकाल आल्याशिवाय कोणाला पुडी द्यायची नाही. मला मिळालेल्या पुडीवर नमुन्याचा क्रमांक लिहिलेला होता.

या सगळ्याचा खर्च कोण करतं, यावर शेवटच्या रात्री वाद रंगला. परवाना चोवीस डॉलरचा. शिवाय १९३७च्या केंद्रीय कायद्याने रायफली आणि काडतुसांवर अकरा टक्के कर, तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. म्हणजे ज्या रानात मी फुकट पक्षी बघत फिरतो, ते बऱ्याच अंशी बंदूकवाल्यांच्या पैशावर उभं आहे. आणि हे शिकारी म्हातारे होत चाललेत. त्यांच्या जागी तेवढे तरुण येत नाहीत. या व्यवस्थेत एक खोटही आहे, हे मी बोलून दाखवलं: जे खातं शिकाऱ्याच्या खिशावर चालतं, त्याला रानात हरणं जरा जास्तच हवी असणार. कोणी फारसं रागावलं नाही. मग मी म्हटलं, आमच्या दुर्बिणींवर आणि पाठपिशव्यांवरही तसाच कर बसवा.

“छान,” म्हातारा म्हणाला. “म्हणजे मग हरणं किती मारायची ते तुम्ही ठरवणार.”

शेजारी पत्ते पिसत होता. तो म्हणाला की दर एप्रिलमध्ये प्रत्येक काउंटीत त्यावर जाहीर सुनावणी असते, आणि तिथे मत द्यायला कर भरल्याची पावती कोणी मागत नाही. गेल्या आठवड्यात त्याने मला आमच्या काउंटीची माहिती पाठवली आहे.