मढ्यांपेक्षा बंदूकवाले



जॉर्ज रोमेरो म्हणजे भुताखेतांचे पिच्चर काढणारा, एवढंच पुष्कळांना माहीत. शहाणे लोक असल्या पिच्चरला नाकं मुरडतात. मुरडू द्यात. हा माणूस काय करत होता ते आपण बघू.

अमेरिकेतलं पिट्सबर्ग. पोलादाच्या भट्ट्यांचं शहर. हॉलिवूड देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथं दोस्तांना घेऊन रोमेरोनं छोटी कंपनी काढली. पोटासाठी जाहिराती केल्या, कारखान्यांच्या फिल्मा केल्या. हात तिथंच बसला. मग 1968 साली सुमारे 1 लाख 14 हजार डॉलरात 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' काढला. काळापांढरा.

मढी उठतात, माणसं खातात. एका घरात सात जणं कोंडलेली. सगळ्यांना सांभाळायला धडपडतो तो बेन, काळा माणूस. ड्युएन जोन्सनं केलाय. चाचणीत तोच सरस होता म्हणून घेतला, असं रोमेरो सांगायचा. रात्रभर लढून बेन एकटा जगतो. सकाळी शेरीफ आणि बंदूकवाल्या गोऱ्यांची टोळी येते. खिडकीत बेन दिसतो. भूत समजून घालतात गोळी. मग पडद्यावर नुसते फोटो, पेपरात छापतात तसे खरबरीत. आकडे लावून प्रेत ओढतात, सरणावर टाकतात. भयपटाचा तिथं माहितीपट होतो.

त्याच वर्षी 4 एप्रिलला मेम्फिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंगना गोळी घातली होती. पिच्चर लागला 1 ऑक्टोबरला. ते फोटो बघून काळ्या माणसाला काय आठवलं असेल, हे सांगायला समीक्षक कशाला पाहिजे?

आणि पैसा? वितरकानं पिच्चरचं नाव बदललं, त्यात कॉपीराइटची ओळ गळाली. तेव्हाच्या कायद्यात ओळ नाही तर हक्क नाही. पिच्चर बेवारस. कुणीही दाखवावा, कुणीही विकावा. घाम पिट्सबर्गच्या पोरांचा, गल्ला भलत्याचा. गोदीत पाठीवर माल वाहणाऱ्याला हा हिशेब शिकवावा लागत नाही.

रोमेरो थांबला नाही. पुढं त्यानं खेळाडूंवर माहितीपट केले. 1973 साली एका ख्रिस्ती सेवासंस्थेनं म्हाताऱ्यांच्या हालावर फिल्म मागितली. त्यानं 'द अम्यूझमेंट पार्क' दिला. जत्रेसारख्या बागेत एक म्हातारा लुबाडला जातो, ढकलला जातो, रक्तबंबाळ होतो. भूत एकही नाही, तरी अंगावर काटा येतो. ही फिल्म कित्येक वर्षं अडगळीत पडली. रोमेरो 2017 साली गेला. फिल्म दुरुस्त होऊन सगळ्यांपुढं आली 2021 साली.

माहितीपट सांगतो, हे घडतंय. भयपट सांगतो, हे तुझ्यावर येतंय. रोमेरोनं दोन्ही एकाच कॅमेऱ्यातून दाखवलं.

तेव्हा लिहिणाऱ्या, कॅमेरा धरणाऱ्या पोरांनो, साधनं तुटपुंजी म्हणून रडत बसू नका. तुमच्या वस्तीत जे भयंकर आहे त्याच्यावर कॅमेरा लावा. आणि आपल्या कामावर आपलं नाव, आपला हक्क स्वतःच्या हातानं लिहा. ती ओळ दुसऱ्यावर सोपवू नका.