टायमर आधी, मोटार नंतर

एनसीसीच्या हवाई विभागात तारांवर उडणारं छोटं कंट्रोल लाइन विमान पहिल्यांदा उडवलं, तेव्हा इंजिन इंधनावर चालायचं. टाकी संपली की विमान खाली. बॅटरी आली आणि ते काम टायमरकडे गेलं. इथे रेडिओ नाही. हातात मूठ, पुढे वीसेक मीटरच्या दोन तारा. मोटार कधी थांबायची ते टायमरच ठरवतो.

तरीही पोरं सगळे पैसे मोटारीत घालतात आणि टायमर मिळेल तो घेतात. मला हे अजिबात पटत नाही. माझं विमान डोक्यावर उलटं असताना मोटार एकदम गप्प झाली. तारा सैल पडल्या, मूठ हलकी लागली आणि बाल्साचा डावा पंख मातीत मोडला. त्या टायमरला आधी इशारा द्यायची सोयच नव्हती.

बंद होण्याच्या काही सेकंद आधी मोटारीचा आवाज बदलून सांगणारा टायमर घ्या. बटण दाबल्यावर 30 सेकंद तरी थांबणारा हवा. तेवढ्यात मुठीपाशी पोचता येतं. वेळ लावताना उतरल्यावर बॅटरीत 20 टक्के उरतील असं बघा. एफ-टू-बी, म्हणजे कंट्रोल लाइन कसरतींच्या स्पर्धेत 7 मिनिटं मिळतात. मी साडेपाचवर लावतो.