द्राक्षमद्याची चव आणि ज्येष्ठांचे पथ्य



जानेवारी उजाडला की नाशिक जिल्ह्यातील वाइनच्या द्राक्षांची तोडणी सुरू होते आणि ती साधारण मार्चपर्यंत चालते. हाच काळ सहलींचाही असतो. परगावी किंवा परदेशी राहणारी मुले घरी आलेली असतात, हवा प्रसन्न असते आणि ‘आई-बाबांनाही घेऊन जाऊ’ असा बेत ठरतो. गंगापूर धरणाचा परिसर, दिंडोरी, निफाड, इगतपुरी या भागांत आज लहानमोठ्या अनेक वाइनरी आहेत. तेथे बाग दाखवतात, पिंपांचे तळघर दाखवतात आणि शेवटी चार-पाच प्रकारच्या वाइनची चव देतात. या शेवटच्या टप्प्याविषयी ज्येष्ठांनी आणि त्यांची काळजी वाहणाऱ्यांनी आधीच काही गोष्टी समजून घेणे हिताचे आहे.

आपल्याकडील या उद्योगाचे वय फार नाही. शामराव चौगुले यांनी नारायणगाव येथे १९८०च्या दशकात फ्रेंच मदतीने फसफसणारी वाइन सिद्ध केली. नाशिकला राजीव सामंत यांच्या सुला कंपनीची पहिली बाटली २००० साली बाजारात आली. पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण आखले आणि मोठ्या कंपन्यांच्या जोडीला छोट्या, घरगुती वळणाच्या वाइनरीही उभ्या राहिल्या. त्यांनाच हल्ली ‘बुटीक वाइनरी’ म्हणतात. तेथे उत्पादन मोजके असते आणि पुष्कळदा स्वतः वाइन तयार करणारी व्यक्तीच समोर उभी राहून माहिती देते. खरड छाटणी कधी झाली, गोडी छाटणी कधी, द्राक्षे पहाटेच्या गारव्यात का तोडली, हे ऐकताना शेतीत आयुष्य घालवलेल्या आजोबांचे डोळे चमकतात. हा आनंद निर्मळ आहे आणि तो कोणी हिरावून घेऊ नये. प्रश्न आहे तो पेल्यातल्या द्रवाचा.

थेंबांचे गणित

चवीसाठी प्रत्येक वेळी साधारण ३० मिलिलिटर वाइन ओततात. पेल्याच्या तळाशी ती इतकी थोडी दिसते की मनात शंकाही येत नाही. परंतु पाच प्रकार चाखले की दीडशे मिलिलिटर, म्हणजे एक पूर्ण पेला पोटात जातो. अल्कोहोलचे प्रमाण १२ टक्के धरले, तर त्यात सुमारे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. एवढ्याचा निचरा करण्यास निरोगी प्रौढाच्या यकृतालाही साधारण दीड ते दोन तास लागतात.

वय वाढले की हे गणित आणखी बदलते. तरुण पुरुषाच्या वजनात सुमारे ६० टक्के पाणी असते. उतारवयात हे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास येते आणि स्त्रियांमध्ये त्याहूनही कमी असते. अल्कोहोल पाण्यात मिसळते. पाणीच कमी झाल्यामुळे, तेवढ्याच पेल्याने ज्येष्ठाच्या रक्तातील अल्कोहोलची पातळी अधिक चढते. ‘मी पूर्वी सहज घेत असे’ हा अनुभव म्हणूनच सत्तरीनंतर उपयोगी पडत नाही.

हृदयासाठी चांगली?

‘तांबडी वाइन हृदयाला चांगली’ हे वाक्य आपण अनेकदा ऐकले असेल. १९९१ साली अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने ही कल्पना घरोघरी पोहोचवली. फ्रेंच लोक स्निग्ध पदार्थ भरपूर खाऊनही त्यांना हृदयविकार कमी होतो, त्याचे श्रेय तांबड्या वाइनला दिले गेले. पुढे या मांडणीतील उणिवा दिसू लागल्या. ‘न पिणाऱ्यां’च्या गटात आजारपणामुळे मद्य सोडलेली माणसेही मोजली गेली होती. साहजिकच तो गट अधिक रोगट दिसला आणि थोडे पिणारे त्यांच्या तुलनेत धडधाकट ठरले. द्राक्षाच्या सालीतील रेझव्हेराट्रॉल या द्रव्याचाही गवगवा झाला. पण लिटरभर वाइनमध्ये ते फार तर काही मिलिग्रॅम असते आणि प्रयोगांत मात्र त्याच्या शेकडो मिलिग्रॅमच्या मात्रा दिल्या गेल्या आहेत.

दुसरीकडे, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याला मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांमध्ये स्थान दिले. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले, की आरोग्याच्या दृष्टीने मद्याची कोणतीही मात्रा सुरक्षित म्हणता येत नाही. म्हणून जे घेत नाहीत, त्यांनी औषध समजून वाइन सुरू करू नये. हे सारे जाणूनही ज्यांना कुतूहलापोटी चव पाहायची आहे, त्यांच्यासाठी पुढील मजकूर आहे.

औषधांचा डबा आधी उघडा

सहलीच्या आदल्या दिवशी नव्हे, चांगला आठवडाभर आधी औषधांची यादी घेऊन आपल्या डॉक्टरांना विचारावे. काही औषधे आणि मद्य यांचे मुळीच जमत नाही.

झोपेच्या व चिंतेवरील गोळ्या, उदाहरणार्थ अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम किंवा झोल्पिडेम, तसेच ट्रामाडॉलसारखी तीव्र वेदनाशामके घेणाऱ्यांना मद्याने अतिरिक्त गुंगी येते व श्वसनही मंदावू शकते. सर्दी-खाजेवरील साध्या गोळ्याही ही गुंगी वाढवतात. वॉरफरिन घेणाऱ्यांमध्ये रक्तस्रावाचा धोका वाढतो. प्रोस्टेट किंवा रक्तदाबासाठी टॅम्सुलोसिन, प्राझोसिन अशी औषधे चालू असतील, तर खुर्चीतून उठताना रक्तदाब एकदम उतरून तोल जातो. मेट्रोनिडॅझोलचा कोर्स चालू असताना आणि तो संपल्यानंतरही किमान तीन दिवस मद्य टाळावे.

मधुमेहींनी विशेष सावध असावे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेतलेले असताना उपाशीपोटी मद्य गेले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. अडखळते बोलणे, घाम, गोंधळलेपण ही त्याची लक्षणे नशेसारखीच दिसतात. ‘आजोबांना जरा चढली’ म्हणून सगळे हसत राहतात आणि मौल्यवान वेळ निघून जातो. अशा वेळी ग्लुकोमीटरने साखर तपासावी. ते जवळ नसेल आणि व्यक्तीला नीट गिळता येत असेल, तर साखरेचे पाणी द्यावे. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही न घालता तत्काळ रुग्णालय गाठावे. शेवटी देतात त्या गोड ‘डेझर्ट वाइन’मध्ये साखर भरपूर असते, हेही ध्यानात ठेवावे.

यकृताचा विकार, स्वादुपिंडाचा दाह, हृदयाचे अनियमित ठोके, स्मृतिभ्रंश किंवा वारंवार पडण्याचा इतिहास असेल, तर पेला हातात घेऊच नये. वाइनमधील सल्फाइटमुळे काही दमेकऱ्यांना धाप लागते. ज्यांनी पूर्वी व्यसनाशी झुंज देऊन त्यातून सुटका करून घेतली आहे, त्यांना तर अशा ठिकाणी नेण्याचा आग्रहच करू नये. केवळ वासानेही जुनी ओढ जागी होऊ शकते.

येथेच द्राक्षासवाचाही उल्लेख करायला हवा. अनेक घरांत ते वर्षानुवर्षे घेतले जाते आणि ‘ते तर औषध’ म्हणून डॉक्टरांना सांगायचे राहून जाते. आसव आणि अरिष्ट आंबवूनच तयार होतात. बाटलीवर स्वयंजनित अल्कोहोलचे प्रमाण छापलेले असते, ते वाचावे आणि औषधांच्या यादीत त्याचीही नोंद करावी.

पिकदाणीचा मान

आता सर्वांत उपयोगाची गोष्ट. वाइनची पारख करणारे व्यावसायिक एका दिवसात कितीतरी नमुने तपासतात, ते न गिळता. घोट तोंडात घोळवून ते तो शेजारच्या भांड्यात थुंकतात. जुन्या वाड्यांतील पिकदाणीचेच हे भावंड. जाणकारांच्या जगात हे असभ्य नसून शिस्तीचे लक्षण मानले जाते. भांडे टेबलावर दिसले नाही तर मागून घ्यावे. छोट्या वाइनरीत समोर स्वतः कर्ता उभा असतो. अशी मागणी करणारा पाहुणा त्याला जाणकारच वाटतो.

थुंकल्याने चव हुकते का? मुळीच नाही. आपण ज्याला चव म्हणतो, तिचा मोठा भाग खरे तर गंध असतो आणि तो घशाच्या मागील वाटेने नाकात पोहोचतो. म्हणून असे करावे. पेला पांढऱ्या कागदासमोर धरून रंग पाहावा. हलकेच फिरवून वास घ्यावा. चमचाभर घोट तोंडात पाच-सहा सेकंद घोळवावा, थुंकावा आणि मग तोंड मिटून नाकाने हळूच श्वास सोडावा. सारा गंध तेव्हाच उमलतो. सोव्हिन्यों ब्लांमध्ये पेरूचा किंवा हिरव्या मिरचीचा, शेनिन ब्लांमध्ये पेअर-सफरचंदाचा, तर शिराझमध्ये काळ्या मिरीचा भास होतो. थुंकल्यावरही तोंडाच्या आवरणातून थोडे अल्कोहोल शोषले जाते. त्यामुळे ज्यांना पूर्ण मनाई आहे, त्यांनी केवळ हुंगण्यावर समाधान मानावे.

तांबडी वाइन फार तुरट वाटली तर तो वाइनचाच दोष असेल असे नाही. तुरटपणा देणारी टॅनिन द्रव्ये लाळेतील प्रथिनांशी जोडली जातात. औषधांमुळे तोंड कोरडे पडत असेल तर हा तुरटपणा अधिक बोचतो. मेटफॉर्मिनने काहींच्या तोंडाला धातूसारखी चव येते. चाखून झाल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी, पण लगेच दात घासू नयेत. वाइन आम्ल असल्याने दातांचे आवरण काही काळ मऊ पडलेले असते.

नाकाची परीक्षा

अशा भेटीत एखादी वेगळीच गोष्ट ध्यानात येते. सर्वांना पेरू जाणवतो आणि आजींना काहीच नाही. शिराझमधील मिरीचा गंध देणारे द्रव्य सुमारे वीस टक्के लोकांना मुळातच जाणवत नाही, तेव्हा एवढ्यावरून घाबरू नये. पण कुठलाच गंध येत नसेल, तर तिकडे दुर्लक्ष करू नये. वयानुसार घ्राणशक्ती मंदावते. मात्र ती लक्षणीय घटणे हे पार्किन्सन किंवा अल्झायमर या विकारांचे आरंभीचे चिन्हही असू शकते. शिवाय गॅसची गळती, करपलेले दूध, शिळे अन्न हे सारे नाकच आपल्याला सांगत असते. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठाचे नाक मंदावले असेल, तर घरच्यांना ते ठाऊक असायलाच हवे. कान-नाक-घसा तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा आणि स्वयंपाकघरात गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र बसवावे.

घ्राणशक्तीला व्यायामही देता येतो. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत सोपी आहे. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार गंध रोज सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी सुमारे दहा सेकंद, मन लावून हुंगायचे आणि हा क्रम बारा आठवडे चालवायचा. त्यासाठी नाशिकला जावे लागत नाही.

घरच्यांसाठी चार शब्द

वाइनरीत सहसा चवीचे पैसे आधीच घेतात. ‘पैसे दिलेत, मग सोडायचे कशाला’ हा हिशेब आणि आपला अस्सल मराठी आग्रह, दोन्ही तेथे बाजूला ठेवावेत. पेल्यात उरलेली वाइन ओतून द्यायलाही हरकत नसते.

चारचौघांत ‘बाबा, तुम्हाला नाही हं’ असे म्हणणे त्यांच्या जिव्हारी लागते. बोलणे घरीच, निवांतपणे आणि त्यांना विचारून व्हावे: डॉक्टर काय म्हणाले, किती प्रकार चाखायचे, थुंकायचे की केवळ हुंगायचे. निर्णय त्यांचा त्यांनी घेतलेला असला, की तेथे कोणाला कोणावर डोळा ठेवावा लागत नाही. ज्यांना काहीच नको असेल त्या आईंच्या ‘नको’लाही तेवढाच मान द्यावा.

निघण्यापूर्वी पोटभर जेवण व्हावे. सोबत पाण्याची बाटली, औषधे आणि ग्लुकोमीटर असावा. पिंपांच्या तळघरात उजेड मंद असतो, पायऱ्या असतात आणि फरशी ओली असू शकते. तेथे चव घेण्याच्या आधीच जाऊन यावे, रबरी तळव्याची पादत्राणे घालावीत आणि हाताला आधार असावा. बसून चव घेता येईल अशी जागा आधी फोन करून सांगून ठेवावी. गाडी चालवणाऱ्याने एक थेंबही घेऊ नये. त्या रात्री झोपेची गोळी घ्यायची की नाही, हे डॉक्टरांना आधीच विचारलेले असावे. रात्री लघवीसाठी उठताना तोल जाण्याची शक्यता असल्याने खोलीत मंद दिवा ठेवावा.

तोडणीचा हंगाम अजून काही आठवडे आहे. डॉक्टरांची भेट तेवढी या आठवड्यातच उरकून घ्यावी.